घर सोडायची तारीख पक्की नाही? नोटीस देताना या चुका टाळा

बिल्डर म्हणतो, 'दिवाळीपर्यंत ताबा नक्की.' कुठल्या दिवाळीपर्यंत, ते सांगत नाही. इकडे भाड्याच्या घराचा अकरा महिन्यांचा करार संपत आलेला. पुण्या-मुंबईत नव्या फ्लॅटची वाट पाहणारे भाडेकरू नेमके या टप्प्यावर अडकतात.

बिल्डरच्या शब्दावर नोटीस देणं. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. तारीख विचारूच नका, भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी (इमारतीत राहायला परवानगी देणारा सरकारी दाखला) आली का ते विचारा आणि प्रत मागा. रेरा या घरखरेदीच्या कायद्यानुसार ओसीनंतर दोन महिन्यांत ताबा घ्यायचा असतो. एक महिन्याची नोटीस त्यात आरामात बसते. ओसीआधी 'फिट-आउट'साठी चावी मिळाली म्हणून इकडचं घर सोडू नका. ती चावी फर्निचरच्या कामासाठी असते, राहायला जायला नाही.

'काका, बहुतेक पुढच्या महिन्यात निघू.' ही नोटीस नव्हे. करारात लेखी म्हटलं असेल तर लेखीच द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवा आणि 'मिळाली' एवढं तरी उत्तर घ्या. मजकूर साधा ठेवा:

'नमस्कार काका, करारानुसार आजपासून एक महिन्याची नोटीस देत आहे. ३० तारखेला घर रिकामं करू. गरज पडल्यास आणखी १५ दिवस, रोजच्या हिशेबाने भाडं देऊन, राहू देता येईल का? कृपया लेखी कळवावे.'

तारीख देताना लवकरची नको, उशिराची द्या. भाडं २४ हजार असेल तर जास्तीचे १५ दिवस १२ हजारांना पडतात. मध्येच सामान कुठेतरी ठेवायचं, दोनदा टेम्पो करायचा आणि मुलांना घेऊन नातेवाइकांकडे राहायचं, यापेक्षा ते परवडतं.

कराराची मुदत विसरणं. मुदत संपल्यावरही घरात राहिलात, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ नुसार मालकाला दुप्पट भाड्याइतकी नुकसानभरपाई मागता येते. 'राहा हो, काही घाई नाही' हे जिन्यात बोललेलं वाक्य तिथे उपयोगी पडत नाही. करार पुन्हा करायचाच असेल तर लॉक-इन, म्हणजे ठरावीक महिने घर सोडता न येण्याची अट, काढून घ्या आणि नोटीस एक महिन्याचीच ठेवा. मग अकरा महिन्यांचा करार करूनही तिसऱ्या महिन्यात निघता येतं. एजंट छापील मसुदा पुढे सरकवतो. त्यातलं लॉक-इनचं कलम वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका.

'शेवटचं भाडं डिपॉझिटमधून कापा.' परस्पर ठरवू नका. रंगकाम, वीजबिल यांचा हिशेब व्हायच्या आत मालकाशी बिनसलं, तर १५ दिवसांची सवलत पहिली जाते.

नोटीस दिली आणि तारीख पुढे गेली तर? त्याच दिवशी फोन करा. पहिला प्रश्न एकच: नव्या भाडेकरूचं टोकन घेतलंय का? घेतलं नसेल तर मुदतवाढ बहुधा मिळते. नवी तारीख लेखी घ्या. घेतलं असेल तर नोटीस मागे घेणं तुमच्या हातात राहत नाही. नवा भाडेकरू आठवडाभर थांबेल का, एवढं मालकामार्फत विचारून पाहा. नाही म्हणाला, तर ठरल्या दिवशी चावी द्या, मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा आणि डिपॉझिट चावीसोबतच परत मागा.