अल्झायमर झालेल्या आजोबांची आठवणवही कशी करावी

अल्झायमर होऊन वारलेल्या माणसाबद्दल लिहायला बसलं की आधी आजारपणच डोळ्यांपुढे येतं. शेवटची काही वर्षं इतकी दमवणारी असतात की त्यांच्या मागची साठ-सत्तर वर्षं दिसेनाशी होतात. नातवंडांनी तर आजारी आजोबाच पाहिलेले असतात. त्यामुळे वही जन्मतारखेपासून सुरू करू नका आणि आजारापासून तर नकोच. सुरुवात हातांपासून करा.

त्याला कारण आहे. या आजाराची झळ मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसला फार लवकर लागते आणि नव्या आठवणी साठवण्याचं काम तिथेच चालतं. म्हणून आज सकाळचं आधी पुसलं जातं, तरुणपणीचं बराच काळ टिकतं आणि हाताला लागलेलं वळण बहुधा त्याहूनही उशिरा सुटतं. नातवाचं नाव न आठवणारे आजोबा वर्तमानपत्र मात्र कडेला कड जुळवून, नखाने दाबून, चौपदरी घडी करूनच ठेवतात. ती घडी नातवाने पाहिलेली असते आणि त्याच्या वडिलांनी लहानपणीही पाहिलेली असते. पहिल्या पानावर अशी एखादी सवय लिहा: कोणता हात, कोणता क्रम, शेवटी काय.

मग माणसं गाठा, वयाने सर्वांत मोठी आधी. एका बैठकीला पाऊण तास पुरे, त्यापुढे तेच तेच येऊ लागतं. फोन घडी घातलेल्या रुमालावर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. पंखा बंद करा आणि फोन फ्लाइट मोडवर टाका. नाहीतर ऐन रंगात आलेल्या गोष्टीत कुणाचा तरी फोन येतो. ‘ते कसे होते?’ असं विचारलं की ‘फार प्रेमळ’ एवढंच हाती लागतं. ‘घरी आल्यावर पहिलं काय करायचे?’, ‘चिडले की आवाज चढायचा की बोलणंच बंद व्हायचं?’, ‘पैसे कुठे ठेवायचे?’ असं विचारा. एकाच प्रसंगाच्या दोन हकिकती मिळाल्या तर दोन्ही लिहा, सांगणाऱ्याच्या नावासकट. कोण खरं, याचा निवाडा वहीत करू नये. त्यावरून भावंडांची भांडणं होतात.

आजारपणात त्यांनी स्वतः सांगितलेल्या गोष्टी वेगळ्या नोंदवा. तेव्हा काळ एकमेकांत मिसळतात, भावाच्या जागी मुलगा येतो आणि रिकामी जागा मेंदू आपल्या मनाने भरतो. ते खोटं बोलणं नव्हे. ‘आजारपणात सांगितलेलं’ एवढी ओळ वर टाका आणि दाखले, पत्रं, फोटो यांच्याशी पडताळून बघा.

फोटोंमध्ये सर्वांत जास्त नुकसान घाईने होतं. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका. आधी जागेवरच स्कॅन करा. मग काढायचाच असेल तर दात साफ करायचा धागा फोटोखालून हळूहळू करवतीसारखा सरकवा. साधा फोटो ६०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके) आणि पासपोर्टएवढा १२००ला स्कॅन करा. मागे बॉलपेनने लिहू नका, दाब पुढच्या बाजूला उमटतो. मऊ पेन्सिल वापरा. नव्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही, तिथे माहिती पाकिटावर लिहा. फाइलच्या नावात वर्ष आधी घाला, म्हणजे क्रम आपोआप लागतो. नातेवाइकांकडून व्हिडिओ मागवताना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. व्हिडिओ म्हणून पाठवला तर दर्जा उतरतो. जुनी कॅसेट असेल तर लावण्याआधी तिच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडा. मग चुकून आवाजावर आवाज रेकॉर्ड होत नाही.

आजार लपवू नये, पण त्याला त्याच्याएवढीच जागा द्यावी. चोवीस पानांच्या वहीत तीन पानं पुरतात. ‘माझं पाकीट चोरलं’ हा आरोप, संध्याकाळ झाली की वाढणारी घालमेल, घरातच बसून ‘घरी जायचंय’ म्हणणं ही आजाराची लक्षणं आहेत. ती स्वभाववर्णनाच्या पानावर गेली की पुढची पिढी त्यांना संशयी समजते. फोटो निवडताना एकच कसोटी लावा: शुद्धीत असताना त्यांनी हा दाखवू दिला असता का? नळ्या लावलेला फोटो इथेच बाद होतो.

लहान मुलांसाठीच्या पानावर ‘आजोबा विसरभोळे झाले’ असं लिहू नका. वही शाळेत विसरणारं मूल मग स्वतःलाच घाबरतं. ‘आजोबांच्या मेंदूला आजार झाला होता, म्हणून त्यांना नाव आठवत नव्हतं. हा आजार सर्दीसारखा दुसऱ्याला लागत नाही,’ एवढं स्पष्ट लिहा. भेटायला जाऊन उपयोग काय झाला, असं मोठ्या नातवंडांना वाटत असतं. त्यांच्यासाठी एक गोष्ट जरूर लिहा: प्रसंग विसरला तरी त्यातून आलेला आनंद काही काळ मनात मागे राहतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. भेट आठवली नाही, तरी त्या भेटीने ते सुखावलेले असू शकतात.

छपाईआधी मजकूर घरातल्या दोघांना वाचायला द्या, त्यातला एक प्रत्यक्ष सेवा केलेला हवा. बाइंडिंग स्पायरल घ्या आणि शेवटी आठ कोरी पानं ठेवा. वही हातोहात फिरली की मग लोकांना खऱ्या गोष्टी आठवू लागतात.