डोळ्याच्या नसेला सूज: नजर वाचवायची तर या चुका टाळा

"नसेला सूज दिसतेय, एमआरआय लगेच करून घ्या," असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की बहुतेक जण म्हणतात, "पण मला तर सगळं स्वच्छ दिसतंय!" आणि एमआरआय पुढच्या महिन्यावर जातो. सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच.

मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब वाढला की तो दृष्टिनसेच्या आवरणातून थेट डोळ्यापर्यंत पोचतो आणि नस जिथे डोळ्यातून बाहेर पडते ती चकती, म्हणजे ऑप्टिक डिस्क, फुगते. बहुधा दोन्ही डोळ्यांत. याला पॅपिलीडीमा म्हणतात. मधली नजर यात बराच काळ शाबूत असते, त्यामुळे तक्त्यावरची शेवटची ओळही वाचता येते. आधी जातो तो कडेचा भाग, तोही इतका हळूहळू की दाराच्या चौकटीला खांदा लागू लागेपर्यंत कळत नाही. म्हणून ६/६ नजर आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका. कडेची नजर मोजणारी फील्ड टेस्ट करून घ्या.

इशारे मिळत असतात, पण आपण त्यांना भलतीच नावं देतो. वाकून उठताना काही सेकंद डोळ्यांपुढे अंधारी आली की अशक्तपणा, सकाळी डोकं जड झालं की पित्त. नाडीच्या ठोक्याबरोबर कानात घुमणारा आवाज किंवा लांबचं एकाचं दोन दिसणं तर कुणाला सांगावंसंही वाटत नाही. मग चष्म्याचा नंबर बदलून घेतला जातो. नंबर काढताना ही सूज दिसत नाही. थेंब टाकून, बाहुली मोठी करून पडदा तपासायला सांगा. काही तास धूसर दिसेल, सोबत कुणाला तरी न्या. त्याच भेटीत बीपीही मोजून घ्या, कारण बेसुमार वाढलेल्या बीपीनेही डिस्क सुजते.

बाळंतिणीची डोकेदुखी हा माझ्या फार काळजीचा विषय आहे. "वारा लागला असेल" म्हणून कान बांधून तिला झोपवलं जातं. बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत रक्त गोठण्याचा धोका वाढलेला असतो आणि मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी झाली तर दाब वाढतो. डोकेदुखी थांबत नसेल, उलट्या होत असतील, धूसर दिसत असेल किंवा झटका आला तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा. एमआरआयसोबत शिरांचा एमआरव्ही हवा का, हे आवर्जून विचारा. गर्भनिरोधक किंवा पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील तर न लाजता सांगा.

मुरुमांची औषधंही लपवू नका. डॉक्सीसायक्लिन, मिनोसायक्लिन, आयसोट्रेटिनॉइन आणि अती व्हिटॅमिन ए यांनी हा दाब वाढू शकतो. तरुण मुलींमध्ये, विशेषतः वजन झपाट्याने वाढलं असेल तर, गाठ किंवा गुठळी काहीच न सापडताही दाब वाढलेला आढळतो. तिथे वजन उतरवणं हाच उपचाराचा मोठा भाग आहे.

एकाच डोळ्याची नजर काही दिवसांत उतरली, डोळा फिरवताना दुखतोय, लाल रंग फिका दिसतोय, तर तो बहुधा नसेचा दाह. इथे शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू करू नका. १९९२ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत नेहमीच्या मात्रेत नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये दाह पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण जास्त निघालं. उलट पन्नाशीनंतर नजर अचानक गेली आणि सोबत कानशील व चावताना जबडा दुखत असेल, तर तेच स्टेरॉइड तातडीने द्यावं लागतं, नाहीतर दुसरा डोळाही जाऊ शकतो. निर्णय डॉक्टरांचाच.

कधी सूज खरी नसतेही. डिस्कमध्ये साठलेल्या बारीक कणांमुळे, म्हणजे ड्रूझेनमुळे, ती फुगीर दिसते. डोळ्याची सोनोग्राफी आणि ओसीटी, म्हणजे पडद्याचा आणि नसेचा प्रकाशाने केलेला स्कॅन, यांनी फरक कळतो.

दाब मोजण्यासाठी "पाठीतलं पाणी काढायचंय" म्हटलं की घरचे सही करायला घाबरतात, कायमचा अधूपणा येईल म्हणून. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या मणक्यांपाशीच संपतो आणि सुई त्याच्या खाली घालतात. आधी स्कॅन, मगच सुई, हा क्रम मात्र पाळला जायला हवा. कुशीवर झोपवून मोजलेला दाब प्रौढांमध्ये २५ सेंटिमीटर पाण्याच्या वर असेल तर तो वाढलेला धरतात.

दाब कमी करणारं अॅसिटाझोलामाइड सुरू झालं की बोटांना मुंग्या येतात, सोड्याची चव विचित्र लागते. यामुळे गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. मुतखडा असेल किंवा दिवस गेले असतील तर तेही आधीच सांगा.

आणि "सूज उतरली" ऐकून तपासण्या थांबवू नका. नसेचे तंतू मेले तरी सूज उतरते, तेव्हा डिस्क फिकी पडलेली असते. सुधारणा की ऱ्हास, हे जुना आणि नवा फील्ड टेस्ट शेजारी ठेवूनच कळतं; दर भेटीला सगळे कागद सोबत न्या.