थीसिसला ‘मेंदूतला दाह’ घेणाऱ्या ज्युनिअर्ससाठी

नाशिकला फिजिऑलॉजीत एम.डी.ला आलेले ज्युनिअर्स हल्ली हमखास विचारतात, “मॅडम, थीसिसला न्यूरोइन्फ्लमेशन, म्हणजे मेंदूतला दाह, घेऊ का? हृदय-फुफ्फुसाशी जोडून?” जरूर घ्या. मात्र पेपर उघडण्याआधी एक वाट कोऱ्या कागदावर, न बघता काढता आली पाहिजे: मेंदूच्या तळातल्या हायपोथॅलॅमसमधलं पॅराव्हेंट्रिक्युलर न्यूक्लियस (पेशींचा एक पुंजका), तिथून मेड्युला (मेंदूचा सगळ्यात खालचा भाग), मग मज्जारज्जू, सिंपथेटिक नसा (नाडी-बीपी चढवणाऱ्या), आणि शेवटी हृदय, मूत्रपिंड, रक्तवाहिन्या.

या वाटेवर दाह वरच्या टोकाला शिरतो. रक्तातलं अँजिओटेन्सिन-२ (बीपी वाढवणारं संप्रेरक) मेंदूत सहजासहजी जात नाही, पण मेंदूतल्याच सबफॉर्निकल ऑर्गनसारख्या छोट्या जागी रक्त आणि मेंदूमधला पडदा विरळ असतो. तिथून निरोप पॅराव्हेंट्रिक्युलर न्यूक्लियसला पोचतो. तिथल्या मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या रक्षक पेशी, खवळतात, टीएनएफ-अल्फा, आयएल-१ बीटा ही दाह वाढवणारी रसायनं सोडतात आणि सिंपथेटिक नसा चढ्याच राहतात. बीपी वाढतं, हार्ट फेल्युअरमध्ये आधीच थकलेल्या हृदयाला आणखी पिटाळलं जातं.

फुफ्फुसाची बाजू फार कमी जण वाचतात, मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. फ्लोरिडा विद्यापीठात मोहन रायझादा यांच्या गटाने मोनोक्रोटालीन हे विष देऊन पल्मनरी हायपरटेन्शन (फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला वाढलेला दाब) झालेल्या उंदरांचे मेंदू तपासले. त्यात मायक्रोग्लिया खवळलेल्या होत्या, आणि मिनोसायक्लीन हे मायक्रोग्लियाला शांत करणारं अँटिबायोटिक थेट मेंदूत सोडल्यावर फुफ्फुसाचा आजार सौम्य राहिला. औषध मेंदूला, फरक फुफ्फुसात! व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) मात्र पुढचा प्रश्न येणारच: “हे उंदरात की माणसात?” माणसात या मार्गाने उपचार अजून सिद्ध झालेला नाही, हे तुम्हीच आधी सांगा.

वॉर्डमध्येही एक घोळ होतो. सबअरॅक्नॉइड रक्तस्रावाच्या (मेंदूभोवतीच्या आवरणाखाली रक्त सांडलेल्या) पेशंटचा ईसीजी हार्ट अटॅकसारखा दिसतो, कधी फुफ्फुसात पाणी भरतं. ते मुख्यतः ॲड्रेनलिन-नॉरॲड्रेनलिनच्या एकदम आलेल्या लोंढ्यामुळे. मेंदूतल्या रेंगाळत्या दाहाचं उदाहरण म्हणून ते देऊ नका.

आता मोजायचं काय? जिवंत माणसाच्या मेंदूतला दाह पाहायला खास पेट स्कॅन लागतो, तो आपल्या आवाक्यातला नाही. सीआरपी ही रक्ततपासणी रक्तातला दाह सांगते, मेंदूतला नाही. आपल्या हातात आहे ती स्वायत्त नसांची (सिंपथेटिकसारख्या, हृदय आपोआप चालवणाऱ्या नसांची) तपासणी, म्हणून थीसिसच्या नावात तेवढाच दावा करा. त्या तपासणीतली डीप ब्रीदिंग टेस्ट नीट शिका: पाच सेकंद श्वास आत, पाच सेकंद बाहेर, असे मिनिटाला ६ श्वास. नाडीच्या कमाल आणि किमान वेगातला फरक मिनिटाला १५ ठोके किंवा जास्त असेल तर ठीक, १० किंवा कमी असेल तर बिघाड. शेजारी उभं राहून हाताने लय दाखवा, नुसतं सांगून पेशंट घाईच करतो.

सीओपीडीचे (श्वासनलिका कायम अरुंद झालेले) पेशंट घेणार असाल तर मधुमेही वगळा, त्यांच्या नसा साखरेनेच बिघडलेल्या असू शकतात. बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारं औषध) चालू आहे का, विचारा. आणि सुरगाणा-पेठहून पहाटेच्या एसटीने आलेल्या माणसाला आल्या आल्या टेबलावर झोपवू नका. सीबीएसवर (नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावर) उतरून त्याने चहा घेतलेला असतो, तंबाखूचा बार भरलेला असतो, जिना चढताना दम लागला म्हणून सॅल्ब्युटामॉलचा (श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाचा) पंप ओढलेला असतो. तिन्हींनी नाडी बदलते. आदल्या दिवशी फोन करून सांगा, तरी घेतलं असेल तर वेळ लिहून ठेवा आणि रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी करा.