प्रार्थनेत आणि कामात देवाकडे लक्ष कसे ठेवावे

प्रार्थनेला बसले की मन भटकते, ही तक्रार कोल्हापूरच्या कोणत्याही ख्रिस्ती मंडळीत ऐकायला मिळते. शाहूपुरीतल्या दुकानात दिवसभर हिशेब पाहणारा व्यापारी असो, शिरोलीच्या कारखान्यातून रात्रपाळी करून घरी परतलेला कामगार असो, किंवा कसबा बावड्यात आजारी सासूबाई आणि शाळेला जाणारी मुले यांचे सगळे एकटीने पाहणारी गृहिणी असो, डोळे मिटून ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणताच संपत आलेला गॅस, मुलाची फी आणि काल भावजयीशी झालेली बोलाचाली ही सगळी एकदम पुढे येतात. मग काही जण मनाला दटावत बसतात आणि काही जण प्रार्थना लवकर आटोपतात. लक्ष एकदाही सुटता कामा नये, या समजुतीतून हे दोन्ही घडते. लक्ष सुटणारच. ते सुटल्याचे ध्यानात येताच स्वतःवर न चिडता पुन्हा देवाकडे वळणे हे प्रार्थनेतले खरे काम आहे, आणि असे वळण्याचे प्रसंग दिवसभरासाठी आधीच ठरवून ठेवता येतात.

बसण्यापूर्वी आपण कोणापुढे बसत आहोत, हे मनाशी नीट ठरवावे. ख्रिस्ती प्रार्थनेत मन रिकामे करायचे नसते किंवा एखाद्या बिंदूवर स्थिर करायचे नसते. आपण एका पित्याशी बोलत असतो आणि त्याचे लक्ष आपल्याकडे आधीपासूनच असते. मागण्यापूर्वीच तुमची गरज तुमच्या पित्याला ठाऊक आहे, असे येशूने मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे, आणि बायबलमधील १३९ व्या स्तोत्राचा कर्ता तर आपले बसणे, उठणे आणि मनातले विचारसुद्धा देव जाणतो असे म्हणतो. म्हणून पहिल्या मिनिटात काहीही मागू नये. ‘प्रभू, तू येथे आहेस आणि मी तुझ्यापुढे आहे’ एवढेच सावकाश म्हणावे व थांबावे. देवाचे लक्ष वेधून घेण्याची धडपड एकदा थांबली की मनावरचा निम्मा ताण तेथेच उतरतो.

वेळ आणि जागा यांचा विचार अगदी व्यवहारी दृष्टीने करावा. येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांत जागी प्रार्थनेसाठी गेला, असे मार्काच्या पहिल्या अध्यायात आहे, आणि खोलीत जाऊन दार लावून घेण्याची आज्ञाही त्याचीच आहे. परंतु दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे राहत असतील तर लावून घ्यायला दार मिळेलच असे नाही. अशा वेळी गच्चीचा कोपरा, सगळे बाहेर पडल्यानंतरचे स्वयंपाकघर किंवा चर्चचे आवार चालते. नळाला पाणी येण्याची आणि दूध घ्यायची वेळ टाळावी, कारण त्या वेळी कान दाराकडे लागलेले असतात. आरंभी दहा मिनिटे पुरेत, मात्र ती रोज एकाच वेळी आणि एकाच जागी असावीत. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, छापील वापरावे. मोबाइलमधले पवित्र शास्त्र प्रवासात उपयोगी पडते, हे मला मान्य आहे. पण ज्या पडद्यावर वचन आहे त्याच पडद्यावर एखादा निरोप येऊन पडला, तर मन सावरणे मोठ्या माणसालाही कठीण जाते.

कोऱ्या मनाने प्रार्थना सुरू करू नये, पवित्र शास्त्रातील वचनाचा आधार घ्यावा. सोळाव्या शतकातील स्पेनच्या आविला गावची तेरेसा ही प्रार्थनेची थोर शिक्षिका मानली जाते; तीसुद्धा अनेक वर्षे, प्रभुभोजनाच्या (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या) विधीनंतरचा वेळ सोडला तर, हाताशी पुस्तक असल्याशिवाय प्रार्थनेला बसायला धजत नसे. ज्यांना आपण कच्चे आहोत असे वाटते त्यांनी हे वाचून धीर धरावा. २३ वे, ६३ वे किंवा १०३ वे स्तोत्र घ्यावे, हलक्या आवाजात वाचावे आणि ज्या ओळीपाशी मन थबकेल तेथे आपणही थबकावे. मग ती ओळ देवालाच उद्देशून म्हणावी. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे ‘प्रभू, तू माझा मेंढपाळ आहेस’ असे म्हटले की वाचन संपून बोलणे सुरू होते, आणि पुढचे शब्द सुचले नाहीत तरी तीच ओळ पुन्हा म्हणता येते. आपल्याकडे आणखी एक मोठे साधन आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगांच्या आणि भजनांच्या चालीत आणली आणि ती पदे मराठी मंडळ्या आजही उपासनेत गातात. प्रार्थनेआधी अशा पदाचे एखादे कडवे गुणगुणल्याने श्वास, जीभ आणि मन एकाच दिशेला लागतात; गळा चांगला असण्याची काही आवश्यकता नाही.

आता भटकण्याकडे वळू. मनात येणारे सगळे विचार सारखे नसतात आणि त्यांना एकाच रीतीने वागवू नये. गॅस नोंदवायचा आहे, वीजबिल भरायचे आहे, अशी आठवण आली तर शेजारी ठेवलेल्या कागदावर दोन शब्द लिहून ती बाजूला करावी. लिहून ठेवलेली गोष्ट मन पुन्हा पुन्हा उगाळत नाही. रस्त्यावरचा आवाज, शेजारच्या घरातली फोडणी, कोठे तरी ऐकलेले गाणे यांच्याशी झगडू नये, ओळीकडे परत यावे. परंतु जी काळजी तीन-तीनदा परत येते, ती अडथळा नसून बहुधा त्या दिवशीचा प्रार्थनेचा विषय असते. बारावीच्या मुलाचा निकाल मनातून जात नसेल तर ठरवलेला विषय बाजूला ठेवावा आणि निकालाबद्दलच देवाशी बोलावे, भीती वाटते हे स्पष्ट सांगावे आणि मुलाचे नाव घेऊन त्याला देवाच्या हाती द्यावे. कशाचीही चिंता न करता आपली मागणी उपकारस्तुतीसह देवाला कळवावी, असे प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांस पत्रात लिहिले. चिंता लपवून शांत चेहऱ्याने बसावे, असे त्याने कोठेही म्हटलेले नाही. आणि परत वळताना स्वतःला बोल लावू नये. स्वतःवर चिडण्यातसुद्धा आपण आपल्याकडेच पाहत राहतो आणि देव पुन्हा बाजूला पडतो. दहा मिनिटांत वीस वेळा परत यावे लागले, तर आपण वीस वेळा देवाकडे वळलो असे मानून उठावे.

सकाळची प्रार्थना संपल्यावर दिवस देवापासून वेगळा पडू नये, यासाठी वळण्याचे प्रसंग ठरवावे लागतात. दानीएल संदेष्टा बाबेलमध्ये दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे, आणि प्रेषितांच्या लगतच्या काळातील ‘दिदाखे’ या लिखाणात प्रभूची प्रार्थना, म्हणजे ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’, दिवसातून तीन वेळा म्हणण्याची सूचना आहे. आपल्याला दुकानात किंवा कारखान्यात गुडघे टेकणे जमणार नाही, पण रोज हमखास घडणाऱ्या गोष्टींना छोटी प्रार्थना जोडता येते: दुकानाचे शटर वर करताना, ताराराणी चौकात सिग्नलला गाडी थांबली असताना, केएमटीच्या थांब्यावर बसची वाट पाहताना, दुपारी डबा उघडताना. प्रार्थना एकाच वाक्याची असावी आणि महिनाभर तेच वाक्य ठेवावे. ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’ ही लूकच्या अठराव्या अध्यायातील जकातदाराची प्रार्थना आहे. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्यांमध्ये तीच येशूच्या नावाला जोडून शतकानुशतके म्हटली जाते. ‘हे देवा, मला सोडवायला त्वरा कर’ हा सत्तराव्या स्तोत्राचा आरंभ इजिप्तच्या वाळवंटातील साधू सतत ओठांवर ठेवत, असे पाचव्या शतकात योहान कासियान या मठवासी लेखकाने नोंदवले आहे. बायबलमध्ये पारसच्या राजाने प्रश्न विचारला आणि उत्तर देण्याआधी त्याचा सेवक नहेम्या याने स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली, ती तर कोणाला दिसलीही नसेल. वाक्य किती वेळा म्हटले याचा हिशेब ठेवू नये. पुष्कळ बोलण्याने आपले ऐकले जाईल, या कल्पनेविरुद्ध येशूने सावध केले आहे, आणि हिशेब सुरू झाला की लक्ष देवावरून आकड्यावर जाते.

कामात देवाचे स्मरण ठेवण्याबाबत ब्रदर लॉरेन्स यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ते स्वयंपाकघरात राबत, जे काम त्यांना मुळात आवडत नव्हते. पुढे त्यांच्याकडे मठातल्या चपला दुरुस्त करण्याचे काम आले, आणि त्या कामाची प्रतिष्ठा कोल्हापूरकरांना वेगळी सांगायला नको. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ त्यांना सारखीच होती, एवढेच बहुधा सांगितले जाते. सुरुवातीची कित्येक वर्षे त्यांनाही जड गेली होती, हे राहून जाते. शिवाय प्रत्येक काम भांडी घासण्यासारखे नसते. उद्यमनगरातल्या फाउंड्रीत वितळलेले लोखंड साच्यात ओतणाऱ्याने, रुग्णाला इंजेक्शन देणाऱ्या परिचारिकेने किंवा महाद्वार रोडच्या गर्दीतून रिक्षा काढणाऱ्याने त्या क्षणी मनात प्रार्थनेचे वाक्य घोळवू नये. तेथे संपूर्ण लक्ष कामाला देणे हेच देवाला दिलेले लक्ष होय, कारण जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, असे पौलाने कलस्सैकरांस सांगितले आहे. काम हाती घेण्याआधी ते देवाकडे सोपवावे, काम झाल्यावर क्षणभर थांबून आभार मानावेत, आणि मधल्या वेळात आपण देवाला विसरलो असे मनाला लावून घेऊ नये.

रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे दिवसाकडे मागे वळून पाहावे. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात ही सवय आपल्या अनुयायांना लावली. कोठे देवाचे साहाय्य जाणवले, कोठे आपण त्याच्याकडे पाठ फिरवली आणि उद्या कोणाशी समेट करायचा आहे, एवढे पुरे.

रविवारच्या उपासनेला जाण्यासाठी मात्र शनिवारीच थोडी तयारी करावी आणि नेमलेला शास्त्रपाठ घरी एकदा वाचून जावे. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले तेव्हापासून येथे मराठीत उपासना करणाऱ्या मंडळीची परंपरा उभी राहिली, आणि एकट्याचे लक्ष सुटते तेव्हा मंडळीचा आवाज आपल्याला धरून ठेवतो, हा त्या परंपरेचा मोठा लाभ आहे. घरोघरच्या प्रार्थनासभेत एक काळजी अवश्य घ्यावी. दुसरा प्रार्थना करीत असताना आपल्या पाळीला काय बोलायचे याची जुळवाजुळव करू नये. त्याच्या प्रत्येक विनंतीला मनातून होकार द्यावा, म्हणजे शेवटचे ‘आमेन’ आपलेही होते. आपली पाळी आली की दोन साधी वाक्ये बोलली तरी चालतात.

कधी कधी आठवड्यामागून आठवडे कोरडे जातात. वचन वाचावे तर शब्द डोळ्यांपुढून सरकतात आणि देव दूर आहे असे वाटते. अशा काळात वेळ वाढवू नये आणि सोडूही नये. १३ वे, ४२ वे किंवा ८८ वे स्तोत्र आपल्या तोंडचे म्हणून वाचावे आणि आपल्याला शब्द सापडत नाहीत तेव्हा पवित्र आत्मा अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो, या रोमकरांस पत्रातील वचनावर विसंबावे. पाळकसाहेबांना किंवा एखाद्या वडीलधाऱ्या विश्वासू व्यक्तीला मोकळेपणाने सांगावे. कोरडेपणाबरोबर झोप आणि भूकही गेली असेल, कशातच मन रमत नसेल, तर डॉक्टरांनाही दाखवावे आणि त्यात अविश्वास मानू नये. जवळच्याच मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय सुरू केले ते प्रार्थना करणाऱ्या माणसांच्याच पाठबळावर, आणि औषधोपचार चालू असताना रोजची दहा मिनिटे एका ओळीवर आली तरी ती ओळ ठरलेल्या वेळीच म्हणत राहावी.