जीडीबीत ॲरेऐवजी नुसता पत्ता दिसतोय?

सी प्रोग्रॅममध्ये मराठवाड्यातल्या ८ जिल्ह्यांचा पाऊस मॅलॉकने (प्रोग्रॅम चालू असताना मेमरी मागणारं फंक्शन) घेतलेल्या जागेत ठेवला, की ‘प्रिंट पाऊस’ म्हटल्यावर जीडीबीत (प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचा डीबगर) आकडे येत नाहीत, फक्त पत्ता येतो. फंक्शनला पाठवलेल्या ॲरेचंही तेच. तिथे तो पॉइंटर, म्हणजे नुसता पत्ता, झालेला असतो, लांबी डीबगरला माहीत नसते. ती आपण सांगायची.

१. कंपाइल करताना ‘-जी’ (डीबगरसाठीची माहिती ठेवा) आणि ‘-ओ०’ (ऑप्टिमायझेशन नको) द्या. नाहीतर व्हेरिएबल ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ दिसण्याची शक्यता असते.
२. ‘प्रिंट *पाऊस@८’ टाइप करा (कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत). आठही आकडे येतात. ८ च्या जागी व्हेरिएबलही चालतं.
३. ‘सेट प्रिंट ॲरे-इंडेक्सेस ऑन’ केलं की प्रत्येक आकड्याआधी क्रमांक दिसतो. बीडचा कुठला, हिंगोलीचा कुठला, हे बोटांवर मोजावं लागत नाही.

वर्षभराचा रोजचा पाऊस असेल तर २०० आकड्यांनंतर टिंबं येतात. ‘सेट प्रिंट एलिमेंट्स ०’ केलं की मर्यादा जाते. कोरड्या दिवसांची ओळीने आलेली शून्यं ‘रिपीट्स’ म्हणून गुंडाळली जातात, त्यावर ‘सेट प्रिंट रिपीट्स ०’.

जपायचं एकच: @ पुढचा आकडा घेतलेल्या जागेपेक्षा मोठा असला, तरी जीडीबी बहुधा काही न बोलता पुढची मेमरी दाखवतो. तो कचरा पाऊस समजू नका.