पारावरच्या वादात प्रश्न कसा विचारावा आणि विनोद कुठे करावा

मोंढ्यातल्या आडतीसमोर, बसस्थानकाजवळच्या हॉटेलात किंवा लग्नाची पंगत उठल्यावर मांडवात जे वाद रंगतात, त्यांत पाऊस, धरण, बोअर, औषध आणि निवडणूक हे विषय एकमेकांत मिसळलेले असतात, आणि बोलणारे बहुधा एकमेकांचे सोयरे, शेजारी किंवा देणेकरी असतात. मराठवाड्यात अशा वादात जिंकून उठण्याला फारसा अर्थ नसतो, कारण ज्याला हरवले त्याच्याच विहिरीवरून उन्हाळ्यात पाणी घ्यावे लागते. म्हणून प्रश्न मोजमापाकडे न्यावा, विनोद दाव्यावर करावा आणि ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याविरुद्ध गेले तर आपण ते मान्य करणार नाही, तो प्रश्न विचारूच नये.

आरंभी दावा पुरता समजून घ्यावा. समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत परत सांगून, “असंच म्हणायलात ना, मामा?” असे विचारले की निम्मे वाद तिथेच विरतात, कारण पुष्कळदा मामा तसे म्हणतच नसतात. जो दावा उरतो त्याला तारीख, जागा आणि आकडा मागावा. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या घटमांडणीवरून पाऊस, पीक आणि राजसत्ता यांची भाकिते सांगितली जातात व आपल्याकडे ती चवीने ऐकली जातात. त्यांवर विचारण्याजोगा प्रश्न एवढाच की, काय घडले असता हे भाकीत चुकले असे आपण म्हणणार आहोत, ते आजच ठरवू या का? ‘कुठे कमी, कुठे जास्त’ असे सांगितलेले भाकीत कोणत्याच पावसाळ्यात चुकत नाही. हाच प्रश्न हवामान विभागालाही विचारावा. त्याच्या देशव्यापी अंदाजातला ‘सरासरीइतका पाऊस’ म्हणजे दीर्घकालीन सरासरीच्या 96 ते 104 टक्के, आणि ती सरासरी साऱ्या देशाची, 1971 ते 2020 या काळातली, सुमारे 87 सेंटिमीटर. तो अंदाज तंतोतंत खरा ठरूनही बीड जिल्ह्यातल्या आष्टी-पाटोद्याचे शिवार कोरडे राहू शकते, आणि हे ठाऊक असलेला माणूस विभागाला खोटारडाही म्हणत नाही आणि त्याच्या एका ओळीवर पेरणीही करत नाही.

टक्केवारी आली की ‘कशाचे टक्के?’ हा प्रश्न ओठांवर तयार असावा. उन्हाळ्यात “जायकवाडी शून्यावर आलं म्हणायलेत, मग शहराला पाणी कुठून येतंय? सरकार आकडे लपवायलंय,” असा आरोप हटकून होतो. नाथसागराची, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाची, एकूण क्षमता सुमारे 102 टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यातला सुमारे 76 टीएमसी हा जिवंत साठा आणि 26 टीएमसी हा मृतसाठा, म्हणजे दारांच्या पातळीखाली उरणारे पाणी, आहे; वर्तमानपत्रातले टक्के बहुधा जिवंत साठ्याचे असतात. शून्य टक्क्यांनंतरही पंपाने उपसण्याजोगे पाणी धरणात उरते, म्हणजे आरोप करणाऱ्याची शंका रास्त असते, फक्त तिचे उत्तर कटकारस्थानात नसते. अशा वेळी “अण्णा, संभाजीनगरची माणसं मृतसाठ्यावर जिवंत राहतात, हेच मोठं आश्चर्य आहे,” असे म्हटले तर अण्णाही हसतात आणि माहितीही पोचते. तुम्ही त्यांना अडाणी म्हटला असतात, तर ती पोचली नसती.

खरी कसोटी आपल्या बाजूच्या दाव्यावर लागते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीत सुमारे 5 लाख लिटर पाणी होते आणि पुढे एकेका गाडीतून सुमारे 25 लाख लिटर येऊ लागले. या गाडीने लातूर तगवले असे एक पक्ष म्हणतो आणि ती निव्वळ दिखाऊ होती असे दुसरा म्हणतो. दोघांनाही एकच भागाकार करायला सांगावे. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 3 लाख 80 हजारांच्या पुढे होती. पूर्ण भरलेली गाडी रोज आली असे धरले तरी माणशी साडेसहा लिटरच्या आसपास पाणी पडते. एवढ्यात पिण्याची आणि जेमतेम स्वयंपाकाची गरज भागते, बाकी काही भागत नाही. हे उत्तर दोन्ही पक्षांना थोडे गैरसोयीचे आहे, आणि माझ्या मते चांगल्या प्रश्नाची हीच खूण आहे. असा भागाकार मोबाइलवर करून तो सर्वांना दाखवावा, कारण तोंडी सांगितलेल्या आकड्यावर पुन्हा वाद होतो.

‘नासाने सिद्ध केले’ अशा संदेशांवर फार वेळ घालवू नये. कोणी, कुठे, केव्हा एवढे विचारून चहा मागवावा.

जमिनीखालचे पाणी कुठे आहे ते सांगणाऱ्या पाणाड्याचा विषय मात्र सविस्तर घेण्यासारखा आहे, कारण त्यात पैसा जातो. तळहातावरचा नारळ उभा राहिला तिथे बोअर घेतला आणि पाणी लागले, असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात झिजलेल्या आणि भेगाळलेल्या थरांत पाणी साठते, त्यामुळे सखल भागात, नाल्याच्या कडेला कुठेही खोदले तरी काही बोअर लागणारच, आणि अनुभवी पाणाड्याचे लक्ष झाडे, उतार आणि शेजारच्या विहिरी यांवरही असते. म्हणून त्याचे किती बोअर कोरडे गेले आणि त्यांचा हिशेब कोणी ठेवला आहे, हे विचारावे. त्यापुढची पायरी अशी की, त्याने दाखवलेल्या जागी खुंट्या ठोकाव्यात, डोळ्यांवर उपरणे बांधून त्याला दोन गिरक्या द्याव्यात आणि त्याच शेतातून पुन्हा चालवावे. किती खुंट्यांजवळ नारळ पुन्हा उभा राहिला तर विद्या मानायची, हे अगोदरच सर्वांसमक्ष ठरवावे. “नारळात पाणी आहे म्हणूनच तो उभा राहिला नसेल कशावरून?” हा विनोद येथे चालतो. मात्र ज्याचे चार बोअर कर्ज काढून कोरडे गेले आहेत, तो त्या बैठकीत असेल तर हा विनोद गिळावा आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या कार्यालयात त्याच्यासोबत जाण्याची तयारी दाखवावी.

विनोदाची रीत भारुडाकडून घेता येते. भारूड करणारा सोंग स्वतः घेतो, आणि ज्याच्यावर हसायचे तो आधी स्वतः होतो. समोरच्याचा दावा आपलाच मानून एक पाऊल पुढे न्यावा आणि तो कुठे पोचतो ते दाखवावे. कोणाच्या जातीवर, शिक्षणावर, बोलीवर किंवा देवावर हसू नये. 21 सप्टेंबर 1995 रोजी देशभर गणपतीच्या मूर्ती दूध पितात अशी वार्ता पसरली, तेव्हा ज्यांनी भाविकांची टवाळी केली त्यांचे कोणी ऐकले नाही. ज्यांनी दुधात रंग मिसळून ते मूर्तीवरून खाली ओघळताना दाखवले, त्यांना पृष्ठताणाचा, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागावरच्या ताणामुळे दूध चमच्यातून मूर्तीकडे ओढले जाते याचा, खुलासा करता आला. प्रश्न चमच्याविषयी विचारावा: सोंडेला न टेकवता बोटभर दूर धरला तर दूध संपते का?

काही विषयांत विनोद अजिबात करू नये. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात घरे गमावलेल्या गावांत, अमुक तारखेला मोठा धक्का बसणार अशी अफवा आली, तर भूकंपाची तारीख आणि वेळ आधी सांगण्याची पद्धत जगात कोणाकडेही नाही, हे शांतपणे सांगावे व थांबावे. मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा आली, तर प्रश्नोत्तरांतही वेळ न घालवता पोलिसांना कळवावे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेवरून भिक्षुकी करणाऱ्या पाच जणांना जमावाने ठार मारले.

कधी प्रश्न मापालाच विचारावा लागतो. नुकसानभरपाईसाठी अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस. एका मंडळात अनेक गावे असतात आणि पर्जन्यमापक बहुधा एकच, त्यामुळे यंत्रात 50 मिलिमीटर भरले आणि तुमच्या शिवारात माती वाहून गेली, या दोन्ही गोष्टी एकाच रात्री खऱ्या असू शकतात. “ढगफुटी झाली” असे ओरडू नये, कारण ढगफुटी म्हणजे तासाला सुमारे 100 मिलिमीटर, आणि तेवढा शब्द पकडून समोरचा सुटतो. त्याऐवजी सरळ उभ्या भिंतीचा डबा झाडापासून दूर, उघड्यावर ठेवावा, रोज सकाळी साडेआठला आतल्या पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजावी, वहीत तारखेसह लिहावी आणि शेजारच्या दोन शेतकऱ्यांनाही तेच करायला लावावे. सरकारी पुरावा म्हणून ही वही चालणार नाही. तलाठ्याला पंचनाम्यासाठी शिवारात बोलावताना मात्र ती सोबत न्यावी.