नाणेसंग्रह सुरू करताय? या चुका टाळा

काळवंडलेलं जुनं नाणं हाती आलं की बहुतेकांचा पहिला हात चिंचेकडे, लिंबाकडे नाहीतर टूथपेस्टकडे जातो. पाच मिनिटांत नाणं लखलखतं आणि संग्राहकाच्या दृष्टीने त्याची किंमत तिथेच उतरते. नवशिक्यांच्या हातून सर्वांत जास्त नाणी याच चुकीने वाया जातात, म्हणून आधी तिच्याविषयीच.

घासू नका, उजळू नका

टांकसाळीत दोन ठशांमध्ये चकती दाबली जाते तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिशय सूक्ष्म रेषा उमटतात. वापरात न आलेलं चांदीचं नाणं दिव्याखाली धरून हळूहळू कलवून पाहा. उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरताना दिसतील. ही मूळ झळाळी त्या रेषांचीच असते. चांदीवरचा काळपटपणा म्हणजे वरून बसलेला मळ नव्हे, तर गंधकाशी संयोग होऊन बदललेला चांदीचाच पातळ थर. आंबट पदार्थाने किंवा रसायनाने तो खरवडला की खालच्या रेषाही जातात. टूथपेस्टमधले कण तर सरळ ओरखडेच पाडतात. एकदा गेलेली झळाळी कुठल्याच उपायाने परत येत नाही.

नाणं विकत घेतानाही हेच तपासा. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि बाजूने पडणारा एकच दिवा पुरे. एकाच दिशेने गेलेले केसाएवढे ओरखडे दिसले, किंवा मोकळी जागा चकचकीत पण अक्षरांच्या कोपऱ्यांत काळं साचलेलं दिसलं, तर ते नाणं घासलेलं आहे.

सुटी माती मात्र काढता येते. नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये काही तास ठेवा, पाणी गढूळ झालं की बदला, शेवटी मऊ सुती कापडावर टिपून घ्या. पुसू नका. टेपचा चिकटा किंवा तेलकटपणा असेल तर काचेच्या भांड्यात शुद्ध असिटोनमध्ये पाच-दहा मिनिटं ठेवून पुन्हा ताज्या असिटोनमध्ये बुडवा आणि हवेवर वाळू द्या. नेलपेंट रिमूव्हर चालणार नाही, त्यात रंग, सुगंध आणि तेलं असतात. असिटोन झटकन पेट घेतो, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास ज्योत नको.

नाण्यावर हिरवा चिकट थर आलाय?

दोष बहुधा प्लास्टिकच्या पाकिटाचा असतो. मऊ, लवचिक आणि नव्या रेनकोटसारखा वास येणारं पाकीट पीव्हीसीचं असण्याची शक्यता दाट. त्यातले घटक हळूहळू सुटतात आणि धातूला खातात. थर नुसता वरवर असेल तर वरच्याप्रमाणे असिटोनने निघतो. खाली खड्डे पडले असतील तर ते भरून येत नाहीत. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचीच पाकिटं घ्या.

पुठ्ठ्याचे खिडकीवाले होल्डर चांगले, पण स्टेपल केल्यावर पिनांचे पाय पकडीने सपाट करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर चरा उठतो. नाणं काढताना आधी सगळ्या पिना काढा. अर्धवट उघडून ओढलं की पिनेचं टोक नेमकं चेहऱ्यावरूनच जातं. रबर बँड आणि वर्तमानपत्राचा कागद नाण्यांजवळ नको, दोन्हींमुळे चांदी काळी पडते. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती अधूनमधून बदला.

तांब्या-काशाच्या नाण्यावर फिकट हिरवी भुकटी दिसली, झटकल्यावर पडली आणि काही दिवसांनी परत आली, तर हा निराळा आजार आहे. धातूतले क्लोराइड ओलाव्यामुळे सक्रिय होतात आणि आतून पोखरत जातात. असं नाणं त्याच दिवशी वेगळं करून कोरड्या डब्यात ठेवा. गडद, टणक, घट्ट बसलेला हिरवा थर मात्र बहुधा निरुपद्रवी असतो, त्याला हात लावू नका.

नाणं नेहमी कडेनेच धरा आणि खाली घडी केलेला टॉवेल असू द्या. नाण्यावर वाकून बोलू नये. थुंकीचा बारीकसा थेंब पुढे काळा ठिपका होऊन बसतो.

काटा न वापरता खरेदी

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा भिंगाइतकाच गरजेचा आहे. उदाहरणार्थ, व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. झिजून थोडा हलका भरेल, पण १०.२ भरला किंवा ठरलेल्या वजनाहून बराच जास्त भरला तर थांबा. लोहचुंबकाला चांदी, सोनं, तांबं चिकटत नाही. पण चिकटलं नाही म्हणजे खरं, असं मुळीच नाही. पितळही चिकटत नाही.

म्हणून घनता मोजा. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. नाणं दोऱ्याने पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. काटा आता जे दाखवेल त्याने नाण्याच्या वजनाला भागा. वरच्या रुपयाला काट्यावर साधारण १.१३ दिसायला हवं, म्हणजे भागाकार, अर्थात घनता, १०.३ च्या आसपास. काट्यावर १.३७ दिसलं तर घनता ८.५ होते, म्हणजे हातात पितळ आहे. अगदी लहान नाण्यांवर ही चाचणी भरवशाची नाही.

जुनं म्हणजे दुर्मीळ?

नाही. चौथ्या शतकातली रोमन काशाची नाणी आजही ढिगाने मिळतात. आणि नाण्यावरचं साल तरी दर वेळी खरं कुठे असतं? ऑस्ट्रियाची राज्यकर्ती मारिया थेरेसा हिचा थेलर (चांदीचं मोठं नाणं) तिच्या मृत्यूनंतरही १७८० हेच साल घालून व्हिएन्ना, लंडन, रोम, मुंबई अशा अनेक टांकसाळींत पाडला गेला. किती पाडली, किती उरली, कोणत्या अवस्थेत उरली आणि मागणी किती, यावर किंमत ठरते.

‘चुकीच्या छपाईची’ म्हणून विकली जाणारी नाणीही अशीच पारखून घ्या. त्यांतली कितीतरी बाहेर कापलेली किंवा ठोकलेली असतात. कड अर्धचंद्रासारखी तुटलेली असेल तर बरोबर समोरची कड बघा. चकती मुळातच अपुरी कापली गेली असेल तर समोरच्या बाजूची उंचवट्याची कड सहसा पुसट किंवा सपाट उमटते. ती ठसठशीत असेल, तर तुकडा नंतर कुणीतरी कापल्याचा संशय धरा.